भर धरणात वाजणारा भोंगा

कापसाच्या जिल्ह्यात मोटारबोट दुरुस्त करायला चालले आहे, असं सांगितल्यावर मालवणच्या आमच्या जेटीवर दोघं-तिघं हसले. मीही हसले असते. पण फोन माझ्या धाकट्या बहिणीचा होता आणि शोभा विनोद करत नाही. ती नर्स आहे. पुसदपासून तासाभरावर पैनगंगेच्या धरणाच्या पल्याड एक बंजारा तांडा आहे, तिथल्या उपकेंद्रात असते.

“ताई, जय भीम. आमची बोट वाजते.”

“वाजते म्हणजे?”

“भोंगा वाजतो. भर धरणात. मग इंजिन मरगळतं आणि बंद पडतं. मागच्या आठवड्यात चौदा माणसं मधेच अडकली. हातांनी पाणी मारत काठाला लागली. शुक्रवारी मोठे साहेब तपासणीला येणार आहेत. त्यांच्यासमोर वाजली तर बोट ट्रकवर घालून यवतमाळला नेणार.”

“नेऊ देत. रस्ता नाही का?”

“आहे. धरणाला वळसा घालून अडीच तास. तांड्यावरच्या कमळीला नववा लागलाय, ताई. पहिल्या वेळी सिझर झालंय. हे बाळंतपण मी तांड्यावर करणार नाही.”

मी मल्टिमीटर, पाने, दोन नवे सेन्सर आणि चार साड्या भरल्या.

कापसाच्या रानात बोट आली कुठून, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं खोटं वाटेल. ती कापसाच्या संकटाची वर्षं होती आणि माझ्या माहेरचा हा जिल्हा रोज पेपरात असायचा. समित्या यायच्या, पाहणी करायच्या, जेवायच्या, जायच्या. प्रत्येक समितीमागे मदतीची एक यादी लांबायची. त्यातल्या कुठल्याशा यादीत कुणीतरी ‘जलपर्यटन’ लिहिलं. शेताला पाणी मागणाऱ्यांना पाण्यावरची बोट मिळाली. चाळीस हॉर्सपॉवरचं परदेशी इंजिन, निळं छत, बारा लाल जॅकेटं. पर्यटक एकही आला नाही. तांड्याच्या लोकांनी ती बाजाराला, शाळेला, दवाखान्याला वापरायला काढली आणि त्या यादीतली एक वस्तू चुकून कामाला आली.

माझं म्हणाल तर मी पुसदचीच. अमरावतीला भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, लग्न होऊन मालवणला आले. सासरचं बोटींच्या इंजिनांचं दुकान होतं, मिस्टर गेल्यापासून मीच चालवते. त्यामुळे इंजिनाबद्दल मला कुणी शिकवायला येऊ नये, असं माझं मत होतं.

सोमवार-मंगळवार

जाणाऱ्यांसाठी सांगते: मालवणहून पहाटेच्या एसटीने कोल्हापूर, दुपारी तिथून गोंदियाची गाडी, दुसऱ्या दिवशी सकाळी अकोला. आरक्षण आधी करा, नाहीतर माझ्यासारखं एका लग्नाच्या वऱ्हाडात बसावं लागेल आणि रात्रभर शंकरपाळे खावे लागतील. अकोल्याहून वाशीममार्गे पुसदची एसटी मिळते, चार तास धरून चाला. वाशीमच्या स्टँडवर आलूबोंडा खा, तर्री मागून घ्या, पाणी मात्र स्वतःचं प्या. पुसदला मुक्कामाला दोन-तीन लॉज आहेत. खोलीत शिरताच पंखा लावून बघा, मगच नाव लिहा.

दिवाळी होऊन गेली होती आणि कापसाची वेचणी चालू होती. रस्त्याकडेच्या बाभळी पांढऱ्या झालेल्या. गाड्या भरभरून कापूस जात होता आणि काट्यांना त्याचे पुंजके अडकत होते. शेजारी बसलेल्या आजीबाईंनी मला कुठे, कशाला, सगळं विचारून घेतलं. मी खरं तेच सांगितलं.

“बोट?” त्या म्हणाल्या. “आमच्या इथं बस येईना बाप्पा, अन् बोट बिघडली सांगून राह्यली तू!”

बुधवार

पुसदहून सकाळची जीप मिळते. भाडं आधी ठरवा. चालक तुम्हाला बसवून मग आणखी सात जणांना बसवतो, त्यावर भांडू नका, काही उपयोग नाही. धरणाच्या भिंतीवरून दिसणारं पाणी मात्र खरंच बघण्यासारखं आहे. समुद्र बघणारी माणसं आम्ही, पण इतकं मुकाट पाणी मी पाहिलं नव्हतं. उन्हाळ्यात जाऊ नका, तेव्हा नुसता चिखल असतो.

काठावर तिघं माझी वाट बघत होते. एक, धरण ज्या खात्याकडे आहे त्याचे तरुण इंजिनिअर साहेब, पांढऱ्या बुटांत. दोन, सलीम मिस्त्री, पुसदला ट्रॅक्टर आणि मोटरसायकली दुरुस्त करतात. तीन, बोट चालवणारे उकंडाभाऊ. पन्नाशीचे, सडपातळ, तांड्यावरचेच. ते पाण्यात गुडघाभर उभे होते आणि बोटीचा तळ फडक्याने पुसत होते. शोभा तांड्याच्या बाजूला होती, बोट बंद असल्यामुळे येऊ शकत नव्हती.

बिघाडाची तीन कारणं मला लगेच देण्यात आली.

साहेब म्हणाले, “सेन्सर फॉल्टी आहे, मॅडम. सेन्सर चुकीचं रीडिंग देतो.” हे त्यांनी इंजिनाचं झाकण न उघडता ठरवलं होतं.

सलीम मिस्त्री म्हणाले, “बाहेरचं इंजन हाय म्याडम. थंड मुल्काची आदत. आपल्या इकडची धूप त्याले सहन नाई होत.”

तिसरं कारण गावाचं होतं आणि ते साहेबांनी हसत सांगितलं. धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं देवीचं देऊळ पाण्याखाली आहे. भोंगा दर वेळी बरोबर तिथेच वाजतो. जातानाही आणि येतानाही. त्यामुळे लोक आता तिथे नारळ सोडतात.

मी तिन्ही ऐकून घेतली आणि इंजिनाचं झाकण काढलं. पहिली गोष्ट दिसली ती ही की भोंग्याची तारच कापलेली होती.

“ही कुणी कापली?”

“मीच,” सलीम मिस्त्री अभिमानाने म्हणाले. “चौदा मान्सं अडकली ना, त्याच्यानंतर. आता पाहा, वाजतच नाई. फॉल्ट खतम.”

“घराला आग लागली असं कुणी ओरडलं, तर तुम्ही त्याचं तोंड बांधाल का?”

“थे कोन ओरडते त्याच्यावर हाय,” मिस्त्री म्हणाले. माणूस हुशार होता, फक्त चुकीच्या जागी.

ज्यांच्याकडे अशी बोट आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. अशा इंजिनाचा भोंगा मुख्यतः दोन गोष्टींसाठी वाजतो. तेल कमी असेल तर, किंवा इंजिन तापलं तर. आधी तेल बघायचं. ते काठोकाठ होतं. मग तापमानाचा सेन्सर. इंजिनाला लागलेलं ते बोटाएवढं बटण असतं. थंड असताना गप्प, ठरावीक तापलं की आत जोड बसतो आणि भोंग्याला खबर जाते. तो बिघडला आहे की नाही हे बोलून कळत नाही, उकळून कळतं. काठावर चहाची टपरी आहे. टपरीवाल्या मावशींकडून पातेलं घेतलं, पाणी ठेवलं, तारेला बांधून सेन्सर आत सोडला आणि मल्टिमीटर लावला.

“चहात काय टाकून राह्यली, बाई?” मावशी म्हणाल्या. “मंग तेच भांडं मले धुवा लागन.”

पाणी उकळायला आलं तसा सेन्सर बोलला. बाहेर काढला, गार झाला, गप्प बसला. तीनदा केलं, तीनदा तसंच. सेन्सर ठणठणीत होता. मी साहेबांकडे बघितलं. साहेब बुटांकडे बघत होते.

मग मी जोडणीकडे वळले. सेन्सरच्या तारेच्या खोबणीत हिरवा गंज होता. तो खरवडला, तार जोडली, भोंगाही जोडला. किल्ली फिरवल्यावर भोंग्याने एकदा छोटासा आवाज दिला. तो द्यायलाच हवा, म्हणजे भोंगा जिवंत आहे असं समजायचं. आता इंजिन चालवून बघायचं. ते वर उचललेलं होतं. उकंडाभाऊ पाण्यातून त्याच्याजवळ आले आणि काहीतरी करायला वाकले.

“बाजूला व्हा,” मी म्हटलं. “इंजिनाला हात लावू नका.”

“नाई जी, मी फक्त थे...”

“नंतर.”

ते बाजूला झाले. मी स्वतः इंजिन खाली सोडलं, चालू केलं आणि बोट काठाशी बांधून पाऊण तास पळवलं. मागच्या भोकातून गार पाण्याची धार बोटाएवढी जाड पडत होती. ती धार पडली म्हणजे इंजिन बाहेरचं पाणी ओढून स्वतःला थंड ठेवतंय. भोंगा एकदाही वाजला नाही.

“गंज होता,” मी जाहीर केलं. “सेन्सर चांगला, जोडणी खराब. झालं.”

साहेबांनी वहीत ‘सेन्सर दोष दूर’ असं लिहिलं. मी त्यांना ‘सेन्सर’ खोडून ‘जोडणी’ लिहायला लावलं. अशी मी काटेकोर.

संध्याकाळी मावशींनी भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा दिला. ठेचा जपून खा. मी जपले नाही.

गुरुवार

सकाळी आठला पहिली फेरी. अलीकडून तांड्याकडे नऊ माणसं, दोन शेळ्या आणि एक शिलाई मशीन. मी लोकांना कुठे बसायचं ते सांगत होते, कारण कुणीच सांगितलेल्या जागी बसत नव्हतं. जॅकेटं घातल्याशिवाय बोट सुटणार नाही, असं मी म्हटलं. तेव्हा एका आजोबांनी जॅकेट शेळीवर घातलं. या सगळ्यात उकंडाभाऊंनी मागे काय केलं हे मी पाहिलं नाही. बोट सुटली, तेव्हा सुकाणू त्यांच्या हातात होतं आणि मी मल्टिमीटर घेऊन इंजिनाच्या तारांजवळ.

दहा मिनिटं गेली. छान वारा होता. लोक मध्यावर आल्यावर गप्प झाले. एका बाईने पिशवीतून नारळ काढला.

आणि भोंगा वाजला.

अंगावर काटा येईल असा कर्कश आवाज, थांबेना. इंजिनाने आपणहून जोर कमी केला. बाईने नारळ पाण्यात सोडला आणि माझ्याकडे बघितलं. ते भोंग्यापेक्षा जास्त लागलं.

मी इंजिन बंद केलं. हात लावून पाहिला, झाकणाखालचं लोखंड खरंच भाजत होतं. म्हणजे सेन्सर खरं बोलत होता, तार खरं बोलत होती, भोंगाही खरं बोलत होता. खोटं बोलले होते ते काठावरचे आम्ही. पाण्याची धार? ती शेवटची कधी पाहिली हे मला आठवेना. काल पाहून मंजूर केली होती, म्हणून आज पाहिलीच नव्हती.

“उकंडाभाऊ, इंजिन वर घ्या.”

त्यांनी घेतलं. पाण्याखाली असतो त्या इंजिनाच्या पायाला, जिथून ते पाणी ओढतं तिथल्या जाळीवर, पातळ मलमलीचं फडकं गुंडाळून सुतळीने नीट बांधलं होतं. गाठ सुरेख. फडक्यावर धरणाचा गाळ आणि शेवाळ लाडवासारखं थापलं गेलं होतं.

“हे काय?”

“फडकं हाय, बाई. पाणी गाळाले.”

“कुणी सांगितलं?”

“कोनी कायले सांगन? मी वीस वर्षं फवारणी केली. पंपाच्या तोंडाले फडकं बांधल्याबिगर मी कधी पाणी भरलं नाई. कचरा गेला का नोझल चोंदते. हे तं एवढं महाग इंजन. त्याले काय असंच गढूळ पाणी पाजू?”

नऊ माणसं आणि दोन शेळ्या ऐकत होत्या.

“मग काल नव्हतं ते?”

“फेरी झाली का सोडून घेतो ना. धुतो, वाळू घालतो. फवारणीचं फडकं तसंच ठेवत नाई, जहर राह्यते त्याच्यात. सकाळी पयलं काम बांधाचं. काल बांधत होतो तं तुम्ही म्हटलं, हात लावू नका.”

मी ज्या मापाने इतरांना मोजते, त्याच मापाने हे लिहून ठेवते. कुणीही तपासायला आलं की बोट काठाला असायची आणि फडकं झाडावर वाळत असायचं. त्यामुळे काठावर इंजिन कधीच तापलं नाही. फेरीला निघालं की दहा मिनिटांत मलमल गच्च व्हायची, पाणी तुटायचं आणि भोंगा वाजायचा. दहा मिनिटांत बोट दर वेळी जिथे पोचायची, तिथेच खाली देवीचं देऊळ होतं. येतानाही तेवढाच वेळ. बंद पडल्यावर जरा गाळ सुटायचा आणि इंजिन पुन्हा सुरू व्हायचं. त्या दिवशी तेवढा गाळही सुटला नव्हता, म्हणून चौदा जणांना हात मारावे लागले.

“तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही?”

“मिस्त्रीले म्हटलं, फडकं पातळ बांधू का जाड? थो म्हने, चूप बस, तुले इंजनमधलं काय समजते. सायबाले इचाराची हिंमत नाई झाली. अन् तुमाले...” ते थांबले.

“मलाही विचारत होतात.”

“हो जी. पन तुम्ही पातेल्यात गुंतल्या होत्या.”

मागून शेळीवाले आजोबा म्हणाले, “म्हंजे देवी नाई होय?”

“देवी असन ना,” नारळवाली बाई तडकली. “तिनंच तं या बाईले इकडं आनलं.”

मी सुतळी सोडली. जाळीवरचं शेवाळ हाताने काढलं. इंजिन दहा मिनिटं गार होऊ दिलं, चालू केलं, धार पडली. पलीकडच्या काठावर शोभा उभी होती. तिच्या शेजारी पोट धरून कमळी, बोट चालते का हे स्वतः बघायला आलेली. मी उतरले तशी शोभाने विचारलं, “काय होतं?”

“आम्ही होतो,” मी म्हटलं.

शुक्रवार

आता बोट वाचली, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. सकाळी मोठे साहेब यायच्या आधी धाकटे साहेब मला बाजूला घेऊन गेले.

“मॅडम, रिपोर्टमध्ये ‘चालकाचा निष्काळजीपणा’ एवढंच लिहा. चालक बदलतो. बोट राहील.”

“आणि नवा चालक?”

“पुसदहून लावू. अकरा ते चार.”

मी तांड्याकडे बघितलं. कमळीचं बाळ अकरा ते चार या वेळेत येईल अशी कुणी हमी दिली नव्हती. उकंडाभाऊंचं घर काठापासून हाकेच्या अंतरावर. ते बोटीपाशी उभे होते आणि आम्ही कशाबद्दल बोलतोय हे त्यांना नीट कळलं होतं. हातातलं धुतलेलं फडकं त्यांनी चौकोनी घडी करून खिशात घातलं.

“जे घडलं ते मी सगळं लिहीन,” मी म्हटलं. “खोटा रिपोर्ट मी कधी लिहिला नाही.”

“खरंच लिहा की. फडकं त्यानेच बांधलं.”

टपरीच्या बाकावर बसून मी लिहिलं. चालकाने इंजिनाच्या काळजीपोटी पाणी ओढण्याच्या जाळीवर कापड बांधले, त्यामुळे थंड पाणी तुटून इंजिन तापले. बोट ताब्यात देताना चालकाला इंजिनाची माहिती कुणीही दिली नव्हती. मिस्त्रींना चालकाने विचारले असता त्यांनी गप्प बसवले व भोंग्याची तार कापली. खात्याच्या अभियंत्यांनी झाकण न उघडता सेन्सर दोषी ठरवला. खाली सही करणारीने चालकाला इंजिनाजवळून हाकलले, चुकीचा निष्कर्ष जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी नऊ प्रवाशांना घेऊन तो खोटा ठरेपर्यंत चालकाला एकही प्रश्न विचारला नाही. सही केली आणि कागद साहेबांना दिला.

त्यांनी दोनदा वाचला.

“मधली वाक्यं काढता येतील?”

“सगळी काढा किंवा सगळी ठेवा.”

मोठे साहेब साडेअकराला आले. जॅकेट न घालता बोटीत बसायला निघाले, ते मी घालायला लावलं. उकंडाभाऊंनी बोट नेली. एक डोळा समोर, एक मागच्या धारेवर. मध्याच्या थोडं अलीकडे धार बारीक झाली. भोंगा वाजायच्या आतच त्यांनी इंजिन बंद केलं, वर घेतलं, जाळीवर चिकटलेला शेवाळाचा पट्टा काढून फेकला आणि पुन्हा सुरू केलं. मी काहीच बोलले नाही. मला ते फार जड गेलं.

“हे काय केलं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“पानी बारीक झालतं, सायेब. इंजनाले ताप भरन म्हून.”

जाऊन परत आलो. भोंगा वाजला नाही. “दोष काय होता?” असं मोठ्या साहेबांनी विचारलं, तेव्हा धाकटे साहेब शर्टाच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, “किरकोळ होता सर. दूर केला.” कागद खिशातून बाहेर आला नाही. मोठ्या साहेबांनी मान हलवली आणि जेवायला पुसदला गेले. बोट राहिली, चालकही राहिला.

घरी

येताना अकोल्याहून रेल्वे उशिरा धावत होती. पाणी, वर्तमानपत्र आणि सहनशक्ती जवळ ठेवा. खर्चाचं म्हणाल तर सगळी सहल एका नव्या सेन्सरपेक्षा स्वस्तात झाली आणि दोन्ही सेन्सर न वापरता परत आणले.

तो कागद कुठल्याही फाइलमध्ये नाही, हे मला माहीत आहे. म्हणून हे सगळं इथे लिहिलं. कुणाला वाचून राग आला तर येऊ दे, माझ्याबद्दलचं वाक्य सर्वांत लांब आहे.

बारा दिवसांनी शोभाचा फोन आला. कमळीला सकाळी सहाला बोटीतून नेलं, पुसदला दवाखान्यात मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. मग ती म्हणाली, “थांब, उकंडाभाऊंना बोलायचंय.”

“बाई, जय सेवालाल. एक इचारू?”

“विचारा.”

“पानी आटलं का उन्हाळ्यात शेवाळ लय वाढते. तवा दर दोन मिनटाले इंजन वर घ्या लागन. मंग काय कराव?”

मी तोंड उघडलं. समुद्रात मी हजार इंजिनं पाहिली, पण आटत्या धरणातलं शेवाळ मी कधीच पाहिलेलं नाही.

“तुम्हाला काय वाटतं?” मी विचारलं, आणि लिहून घ्यायला वही ओढली.